कसाऱ्याची शिरगणती

कसाऱ्याची लोकसंख्या किती, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, किती वाजताची? पहाटे चारची वेगळी, सकाळी अकराची वेगळी आणि मध्यरात्रीनंतर शेवटची लोकल रिकामी होते तेव्हाची अगदीच निराळी. विचारणाऱ्याला वाटतं, बाई थट्टा करतायत. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली. आपल्याकडे मास्तर आणि बाई म्हणजे शिकवून झाल्यावर देशाची सगळी मोजदाद करणारी माणसं. मतदार मोजा, जनावरं मोजा, संडास मोजा. १९९१, २००१ आणि २०११ या तिन्ही जनगणनांत प्रगणकाची पिशवी माझ्या खांद्याला होती. लोकसंख्या या विषयावर मी थट्टा करत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते, घाटातल्या लाईनीवर. आम्ही रेल्वेच्या चाळीत राहायचो. शेजारी भुसावळचे, मनमाडचे, इगतपुरीचे लोक. खाली बाजारपेठेत बाहेरून आलेले दुकानदार, घाटातल्या ढाब्यांवर आणखी लांबून आलेले. आणि सभोवार डोंगरात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांचे पाडे. 'मूळचे कुठले?' या प्रश्नाला कुणी 'इथलाच' असं उत्तर दिलं, तर समजायचं की हा माणूस पाड्यावरचा आहे. बाकी सगळ्यांच्या उत्तरात घाटावरचं किंवा घाटाखालचं दुसरंच कुठलं तरी गाव येतं. सरकारी दप्तरातही कसारा एकसंध नाही. महसुलात कसारा बुद्रुक आहे, ग्रामपंचायतीचं नाव घेताना मोखावणे आणि कसारा अशी जोडी येते, आणि रेल्वेच्या लेखी कसारा म्हणजे प्लॅटफॉर्म, केबिन, सायडिंग आणि क्वार्टर्स.

हे असं का झालं, ते समजायला घाटापासून सुरुवात करायला हवी. सोपाऱ्याच्या बंदराकडून नाशिककडे चढणारी जुनी वाट इथूनच वर जायची. रेल्वेवाल्यांच्या कागदांत तो थळ घाट. बाकी सगळ्यांचा कसारा घाट. मीठ वर जायचं, धान्य खाली यायचं, आणि घाट चढायच्या आधी किंवा उतरल्यानंतर बैलांना विसावा द्यायला पायथ्याशी थांबावंच लागायचं. गावाचा पहिला धंदा तोच, दुसऱ्याच्या प्रवासातला थांबा होण्याचा. शेजारच्या मुरबाड तालुक्याचा घाट तर याहून मानाचा. वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढतो, वर सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेली लेणी आहेत आणि जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी पैज लावली असती, तर मुरबाडवरच लावली असती. पण इंग्रजांच्या इंजिनिअरांना राजमार्ग नको होता, त्यांना आगगाडी चढेल असा डोंगर हवा होता. तो मिळाला कसाऱ्याला. मुरबाडला रेल्वे आजतागायत नाही. कल्याण-मुरबाड रेल्वे होणार, हे मुरबाडकरांच्या कित्येक पिढ्यांनी ऐकलेलं आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे शाळेतल्या कुठल्याही पोराला येतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. १ मे १८५४ ला गाडी कल्याणला आली, १८५५ मध्ये वाशिंदला. तिथून पुढे मात्र तिचा वेग मंदावला. आसनगाव यायला १८६० साल उजाडलं आणि १ जानेवारी १८६१ ला लाईन कसाऱ्यापर्यंत उघडली. वाशिंद ते कसारा हे चाळीसेक किलोमीटर कापायला पाच वर्षं. आणि पुढे भिंतच. वर घाटमाथ्यावर इगतपुरीपासून नाशिकच्या बाजूची लाईनही १८६१ मध्येच सुरू झाली, पण मधला घाट चढून गाडी इगतपुरीला भिडली ती १ जानेवारी १८६५ ला. म्हणजे चार वर्षं वरची रेल्वे वर, खालची रेल्वे खाली, आणि मध्ये बैलगाडी.

या चार वर्षांकडे मी पुन्हा पुन्हा वळते, कारण कसाऱ्याच्या नशिबात आलेली खरी पेठ तीच. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि एप्रिल १८६५ मध्ये ती संपली. तिकडचा कापूस बंद पडला, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानकडे बघू लागल्या आणि मुंबईत कापसाच्या भावानं माणसं वेडी झाली. खानदेशचा, वऱ्हाडचा कापूस बंदराकडे निघाला. रेल्वेनं येणारा माल इगतपुरीला उतरायचा, गाड्यांतून घाट उतरायचा आणि कसाऱ्याला पुन्हा वाघिणींत चढायचा. जगाच्या दुसऱ्या टोकाला लढाई चालू असताना इथं, आज जिथं रिक्षा उभ्या राहतात त्या बाजूला, बैलांच्या खुरांनी चिखल झालेला असणार. गाडीवान, हमाल, तोलारी, कडबा विकणारे, चोर, सगळेच आले असणार. लढाई संपली तेव्हा घाटातली लाईनही सुरू झालेली होती. मुंबईत शेअरबाजार कोसळला त्याच्या गोष्टी सगळ्यांनी लिहिल्या. घाटाच्या पायथ्यावरून गाडीवान कधी उठून गेले, हे कुणी लिहिलं नाही.

घाटाचं काम मात्र लिहिलं गेलं, आणि अगदी बारकाईनं. कसारा ते इगतपुरी चढ नऊ मैल सव्वीस साखळ्यांचा, म्हणजे पंधरा किलोमीटरचा. उंची चढायची ९७२ फूट. जास्तीत जास्त चढ ३७ ला १. म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. पायी चालणाऱ्याला हे काहीच नाही, पण लोखंडावर लोखंडी चाक फिरवणाऱ्याला फार आहे. बोगदे फोडले, दऱ्यांवर पूल बांधले. त्यांतला एहेगावचा पूल साडेसातशे फूट लांब आणि उंचीला दोनशे फुटांच्या जवळ जाणारा. एका ठिकाणी वळायला डोंगरानं जागाच दिली नाही, तेव्हा गाडी एका कड्याशी नेऊन थांबवायची आणि उलट्या दिशेनं पुढचा चढ चढवायची, अशी सोय केली होती. पुढे आखणी बदलली आणि ते उलटं स्टेशन गेलं. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली १८६२ मध्ये इंग्लंडात वारला. त्यानं आखलेल्या भोर आणि थळ या दोन्ही घाटांतून गाडी धावलेली त्यानं पाहिली नाही. ठेकेदारांची नावं आहेत, वाइथ्स आणि जॅक्सन. प्रत्येक बोगद्याची लांबी आहे. पटकीनं, सुरुंगानं, कड्यावरून पडून जी माणसं मेली, त्यांची नावं मात्र कुठल्या दगडावर नाहीत. मोजायचं काय आणि सोडायचं काय, हे मोजणारा ठरवतो. प्रगणकाचं काम केल्यावर हे जरा जास्तच जाणवतं.

गाडी वर पोचल्यावर कसाऱ्याच्या वाट्याला काय उरलं? ढकलणं. चढणीला एक इंजिन पुरत नाही, म्हणून गाडी कसाऱ्याला थांबते आणि मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागतो. एक नाही, गाडी जड असेल तर दोन-तीन. वर इगतपुरीला ते सुटतात आणि खाली परत येतात. आजही तसंच आहे. त्यामुळे लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या कसाऱ्याला थांबतात आणि वेळापत्रकात त्यांतल्या बहुतेकींसमोर कसाऱ्याचं नाव नसतं. थांबा आहे, पण प्रवाशासाठी नाही. इगतपुरीची गोष्ट वेगळी. तिला इंजिनांची शेड मिळाली, थंड हवा मिळाली, तालुक्याची कचेरी मिळाली, मोठी रेल्वे वसाहत मिळाली आणि १९७६ पासून विपश्यनेचं केंद्रही. एकाच घाटाची दोन टोकं. वरचं शहर झालं, खालचं स्टेशनच राहिलं. माझ्या मते फरक एवढाच की इगतपुरीला गाडीचं इंजिन बदलायचं, म्हणजे माणसं मुक्कामाला राहायची. कसाऱ्याला इंजिन जोडायचं, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत सगळे मोकळे.

१९२९-३० च्या सुमारास घाटात वीज आली. ठाकुर्लीच्या वीजघरातून तारा ओढल्या आणि धूर गेला. तेव्हा जी विजेची इंजिनं आणली, त्यांतली पहिली स्वित्झर्लंडमध्ये घडलेली, बाकीची इंग्लंडात, एकूण ४१. लांब नाकाडाची, चाकांना बाजूनं दांड्या असलेली. आपल्या लोकांनी त्यांचं नाव ठेवलं 'खेकडा'. माझ्या लहानपणी खेकडे घाटात होते. त्यांचा आवाज गाडीआधी यायचा, आणि तो आवाज आला की आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची. एक खेकडा आता मुंबईच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात उभा आहे. शाळेची सहल नेली की पोरं त्याच्यासमोर फोटो काढायची आणि मी सांगायचे, हा आपल्या गावचा.

आबांचं काम त्याच लाईनीवर, पण इंजिनाच्या उंचीवरून न दिसणारं. गँगमन म्हणजे रुळाचा माणूस. उन्हाळ्यात खडी भरायची, चाव्या ठोकायच्या, रूळ सरकला का बघायचं. खरी परीक्षा पावसाळ्यात. रात्रीची गस्त असायची. हातात कंदील, कमरेला फटाक्यांचा डबा, लाल बावटा, शिट्टी, डोक्यावर घोंगडीची खोळ. दोघा गस्तवाल्यांच्या हद्दी ठरलेल्या. हद्दीच्या टोकाला दुसरा भेटला की वहीची अदलाबदल करायची आणि मागं फिरायचं. दरड दिसली तर रुळावर ठरावीक अंतरावर फटाके लावायचे, म्हणजे चाकाखाली ते फुटतील आणि ड्रायव्हर ब्रेक मारेल. उन्हाळ्यात हिल गँगची माणसं कमरेला दोर बांधून कड्यावर चढायची आणि सैल झालेले दगड पहारीनं आधीच पाडून टाकायची, म्हणजे पावसाळ्यात ते स्वतःच्या मर्जीनं पडायला नकोत. आबा त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. त्या गँगमध्ये ठाकूर समाजाचे गडी होते. कड्यावर पाय कुठं ठेवायचा हे त्यांना शिकवावं लागत नसे. इतकं करूनही घाट ऐकत नाही. जुलै २०२१ च्या पावसात कसाऱ्याच्या अलीकडच्या उंबरमाळी स्टेशनाजवळ रुळाखालची खडी वाहून गेली, घाटात दगड-माती आली आणि गाड्या बंद पडल्या. बातम्यांत 'मुंबई-नाशिक रेल्वे ठप्प' असं आलं. कसाऱ्याची माणसं त्या दोन दिवसांत काय करत होती, याला बातमीत जागा नव्हती. ती रुळावर होती.

आता आकड्यांकडे. २०११ च्या जनगणनेत कल्याण तालुक्याची लोकसंख्या १५,६५,४१७. कसारा ज्यात येतं त्या शहापूर तालुक्याची ३,१४,१०३. रेल्वे नसलेल्या मुरबाडची १,९०,६५२. कल्याणला गाडी आली १८५४ ला, कसाऱ्याला १८६१ ला. सात वर्षांचं अंतर. रेल्वे आली की गाव वाढतं, हे सरसकट खरं असतं तर शहापूर इतकं मागं का राहावं? आणि रेल्वे नसणं हाच मागासपणा असता, तर मुरबाड आणि शहापूर यांत याहून मोठी दरी दिसायला हवी होती. कल्याणला लाईन फुटते, एक नाशिककडे आणि एक पुण्याकडे. तिथं मैदान होतं, खाडी होती, कारखाने आले आणि मग मुंबईच सांडत सांडत तिथवर आली. तो लोंढा आता टिटवाळा, वाशिंद, आसनगावपर्यंत पोचला आहे. आसनगावला इमारती उभ्या राहतायत. आटगाव, खर्डीच्या पुढे मात्र डोंगर जवळ यायला लागतात आणि बिल्डर मागं फिरतो. थानसीत आणि उंबरमाळी तर किती वर्षं नुसत्या केबिन होत्या. लोक गाडी थांबली की उड्या मारायचे. लोकल रीतसर थांबायला लागल्यानंतरही तिकीटखिडकी यायला फार काळ गेला.

पण तालुक्याच्या आकड्याबद्दल मला एक सांगायचं आहे, जे मी पाड्यापाड्यावर फिरून पाहिलं. आपली जनगणना होते फेब्रुवारीत. ९ तारखेपासून २८ तारखेपर्यंत. शहरातल्या साहेबांना तो महिना सोयीचा: पाऊस नाही, परीक्षा नाहीत, ऊन अजून कडक नाही. आमच्याकडे फेब्रुवारीत पाड्यावर कोण असतं? कातकऱ्यांची जाणती, कमावती माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. सेठनं पावसाळ्यातच बयाणा दिलेला असतो. तो फेडायचा तर नवरा, बायको आणि विटा पालटण्याइतकी मोठी झालेली पोरं, सगळ्यांनी जायचं. भिवंडी, कल्याण, वसई, जिथं सेठ नेईल तिथं. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. मी यादी घेऊन पाड्यावर गेले की कारवीच्या कुडाच्या दाराला काटकी खोचलेली. कुलूप नाही, कारण आत चोरण्यासारखं काही नाही. एखादी म्हातारी ओट्यावर बसलेली. तिच्या नावावर एकच माणूस लिहायचा, कारण नियम सांगतो की त्या वीस दिवसांत माणूस जिथं असेल तिथं त्याची नोंद. नियम चुकीचा नाही. पण भट्टीवर प्रगणक पोचतो का? पोचला, तर सेठ म्हणतो, ही बाहेरची माणसं, यांची गावाकडे नोंद होते. गावाकडे आम्ही म्हणतो, भट्टीवर होते. दोन्हीकडे सगळे प्रामाणिकपणे बोलत असतात आणि माणूस मधल्या मधे गळतो.

हेच शाळेच्या हजेरीपटावर दिसायचं. जूनमध्ये वर्ग भरलेला, डिसेंबरात पहिल्या दोनच ओळी उरलेल्या. विधायक संसद या संस्थेनं वसईच्या बाजूला भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या, त्या मला फार मोलाच्या वाटल्या, कारण त्यांनी पोरांना गावी बोलावलं नाही. शाळाच पोरांच्या मागं गेली. आमच्या खात्याला हे सुचायला बराच उशीर झाला.

२८ फेब्रुवारी २०११ ची रात्र बेघरांच्या मोजणीची होती. देशभर त्या एका रात्री फूटपाथवर, पुलाखाली, स्टेशनात झोपणाऱ्यांना मोजायचं. आम्ही बॅटऱ्या घेऊन प्लॅटफॉर्मवर गेलो. माणसं झोपलेली होतीच. कडेला ठाकूर समाजाच्या बाया, उशाला गोणी, गोणीत रानातला माल; पहाटेच्या लोकलनं कल्याणला, दादरला जायचं म्हणून रात्रीच पाड्यावरून उतरून आलेल्या. त्यांना उठवून विचारलं, घर आहे? एकजण चिडून म्हणाली, घर नाही तर काय, तूच लिहून गेलीस की परवा. तिला तिच्या पाड्यावर मीच लिहिलं होतं, हे खरंच होतं. पलीकडे नाशिकची तीन पोरं, शेवटच्या लोकलनं उतरलेली, जीप मिळेना म्हणून बसलेली. त्यांचीही घरं होती. तिकीटघराच्या आडोशाला एक म्हातारा होता, त्याला घर नव्हतं. कसाऱ्याच्या बेघरांच्या रकान्यात आमच्या हातून जे भरलं गेलं ते इतकं थोडं होतं, की वाटावं स्टेशन त्या रात्री ओसच होतं.

आणि ओस तर ते कधीच नसतं. पहाटे चारच्या सुमारास पहिली लोकल सुटते तेव्हा मालडब्यात भाजी, दूध, करवंदं, जांभळं आणि पावसाच्या सुरुवातीला शेवळं, भारंगी, कुरडू असतं. त्यामागून नोकरदार. मुंबईला पोचायला अडीच तास, यायला अडीच; पाच तास रोज गाडीत आणि झोपही तिथंच. सकाळी उलटा ओघ सुरू होतो. नाशिकला जाणारे इथं उतरतात आणि बाहेरच्या जीप, टॅक्सीत दाटीवाटीनं बसून घाट चढतात, कारण लोकल इथंच संपते. ती घाट चढत नाही. कल्याण-नाशिक लोकलची चर्चा अधूनमधून उठते आणि पावसाळा आला की विरते. खोडाळ्याकडे, मोखाड्याकडे जाणाऱ्या गाड्या वेगळ्या बाजूला लागतात; जव्हारच्या डोंगराचा मुंबईकडे उतरायचा एक दरवाजा हाच. पावसाळ्यात रविवारी विहीगावच्या धबधब्याला मुंबईची पोरं येतात. 'अशोका' सिनेमात तो दिसला, तेव्हापासून त्याला अशोका धबधबा म्हणतात. विहीगावच्या पाड्यांना नळ देण्याआधी सिनेमानं नाव दिलं.

पाण्याचं आता काढलंच आहे तर दोन वाक्यांत संपवते, नाहीतर लेख तिकडेच वाहून जाईल. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय, मोडकसागर आणि भातसा त्यानंतरचे, तिन्ही शहापूर तालुक्यात. आणि एप्रिल-मे मध्ये याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. बायका हंडे रांगेत लावतात आणि समोरून मुंबईची जलवाहिनी जाते. हे मी कितीही सौम्य शब्दांत लिहायचं ठरवलं तरी जमत नाही.

घाटानं अलीकडे दोनदा अशी माणसं पाहिली, जी कुठल्याच गाडीत बसलेली नव्हती. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च हा घाट उतरून मुंबईला गेला. लाल टोप्या, लाल झेंडे, वनजमिनीचे पट्टे मागणारे आदिवासी, त्यांत पायाला फोड आलेल्या म्हाताऱ्या बायका. गावानं पाणी दिलं. आणि २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, मुंबईतली माणसं उलट्या दिशेनं घाट चढून उत्तरेकडे गेली. खांद्यावर पोर, हातात बादली, बादलीत कपडे. रूळ शेजारी, पण नेहमीच्या प्रवासी गाड्या बंद. मी नोकरीतून निवृत्त होण्याच्या बेतात होते. दारात बसून पातेल्यातला चहा ओतून देत होते आणि जुनी खोड, मनात मोजत होते. थोड्या वेळानं मोजणं सोडून दिलं.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. इगतपुरीच्या बाजूनं डोंगरात शिरणारा आणि आमच्या वाशाळ्याकडे निघणारा पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा हा त्यातला मोठा तुकडा. गाडी काही मिनिटांत घाटाखालून पार होते. ना वळण, ना दरड, ना घाटातला चहा. ढाबेवाले काळजीत आहेत आणि त्यांची काळजी खरी आहे. पायथ्याशी थांबावंच लागतं, या एका सक्तीवर हे गाव पिढ्यान्‌पिढ्या जगलं. सक्ती गेली तर थांबायला दुसरं कारण लागेल, आणि ते कारण अजून कुणी निर्माण केलेलं नाही. कल्याण-कसारा तिसऱ्या लाईनीचं काम चालू आहे. तिनं लोकल वाढल्या तर रोज पाच तास गाडीत काढणाऱ्यांचा थोडा जीव वाचेल. गाव वाढेल का, याबद्दल मी पैज लावणार नाही.

पुढची जनगणना फेब्रुवारी २०२७ ला आहे. या वेळी कागदाची पिशवी नसेल, मोबाइल असेल, पण महिना तोच आहे आणि भट्ट्याही पेटलेल्या असतील. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आणि भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांवर ज्या शिक्षकांची नेमणूक होईल, त्यांना एका निवृत्त बाईची विनंती आहे. पाड्यावर दाराला काटकी दिसली तर म्हातारीला विचारा, पोरं कुठल्या सेठकडे गेली, आणि तहसीलदारांमार्फत ते नाव तिकडच्या प्रगणकाला कळवा. आणि भट्टीवर गेलात तर सेठच्या खोलीतून आकडा घेऊ नका. रात्री, काम संपल्यावर, झोपड्यांत जाऊन स्वतः मोजा.